मागून न मारलेली हाक

मी एक जुना, काळा आणि आता पार मुका झालेला टेलिफोन आहे. आंधळगावातल्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी, माळ्यावर, मोडक्या पंख्याशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मला खाली उतरवून फडक्याने पुसलंत, तर माझ्या तबकडीवर एका भोकाच्या कडेला खोल ओरखडा दिसेल. तो अडकित्त्याचा आहे. टेलिफोनचा आणि अडकित्त्याचा काय संबंध, असं विचाराल. तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म बंगलोरच्या कारखान्यात झाला. १९७८ साली आंधळगावात छोटं एक्स्चेंज बसलं आणि लाइनमन धनीरामने मला सायकलच्या कॅरिअरला बांधून टेकचंदभाऊंच्या घरी आणलं. टेकचंदभाऊ कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचे व्यापारी. गल्लीतले चौदा माग त्यांच्या सुतावर चालत. काय थाट होता माझा तेव्हा! बाया कामं टाकून मला बघायला आल्या. टेकचंदभाऊंची बायको शेवंताबाई दिवसभर ओसरीवर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसायच्या; त्यांनी उरल्यासुरल्या कोशाच्या तुकड्याचं मला झाकण शिवलं. टेकचंदभाऊंची आई सत्यभामाबाई यांनी तर मला हळदकुंकू वाहिलं. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण गल्लीतली माणसं 'भाऊ, जरा एक फोन' म्हणत रोज येऊ लागली, आणि टेकचंदभाऊंनी माझ्या तबकडीत चिमुकलं पितळी कुलूप अडकवलं. किल्ली त्यांच्या करदोड्याला. बाहेरून फोन आला तर मी वाजायचो, ऐकू यायचं. मात्र इथून नंबर फिरवायचा तर भाऊच हवेत. मला फार लागलं ते. धनीराम एकदा दुरुस्तीला आला तेव्हा हसून म्हणाला, "वहिनी, या कुलपाले काही अर्थ नाही. रिसीवर ठेवायची ही खुंटी हाय ना, ते ठोकली का नंबर लागते. एकासाठी एकदा, आठासाठी आठदा, शून्यासाठी दहादा. पन भाऊले सांगू नोका बरं!" शेवंताबाई कांडी भरता भरता हसल्या आणि विसरून गेल्या. मी मात्र विसरलो नाही.

आता १९८३च्या हिवाळ्याकडे येतो.

मुंबईहून शोभाताई नावाच्या दुभाषी बाईंचा फोन आला. ओकादा नावाचे साहेब, मूळचे जपानी घराण्यातले पण अमेरिकेत जन्मलेले, कापडाचे मोठे खरेदीदार. शनिवारी नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात उतरणार होते. कोसा बघणार, पसंत पडला तर चौदाही मागांना वर्षभर पुरेल एवढं काम. "आणि टेकचंदभाऊ," शोभाताई म्हणाल्या, "त्याच हॉटेलात सध्या एक पाहुणा आचारी आलाय. त्याचे आजोबा जपानचे, तो अमेरिकेत वाढलेला. दोन्हीकडचं मिळून रांधतो. अकरा ताटं, एकामागून एक, प्रत्येकात दोन घास. साहेबांना तिथे जेवायला नेलंत तर बोलणं सोपं जाईल. टेबल मात्र गुरुवारपर्यंत बुक करावं लागेल."

झालं! त्या घरात तीन दिवस दुसरा विषय नव्हता.

"अजी, पावण्याले घरीच बोलवा ना," शेवंताबाई म्हणाल्या. "चिन्नोरचा भात करीन, लाखोरीची भाजी करीन, आन् आपले झिंगे."

झिंगे म्हणजे तलावातली बारीक कोळंबी. शेवंताबाई ते वाळवून वर्षभर ठेवत. त्यांच्या हातच्या झिंग्यांची चव अख्ख्या गल्लीला ठाऊक होती.

"घरी?" टेकचंदभाऊ उसळले. "पाटावर बसवशीन त्याले, ते ठीक हाय. पन संडासले कुठी पाठवशीन? तलावाच्या पाळीवर?"

बोलायला शूर, पण निर्णय होईना. तीनदा त्यांनी कुलूप काढलं, माझा रिसीवर उचलला आणि परत ठेवला. एका माणसाच्या त्या जेवणात इथे लग्नाची पंगत उठली असती. नेलं आणि साहेबाला आवडलं नाही तर? नाही नेलं आणि गावंढळ म्हणाला तर? रात्री त्यांना जेवण गोड लागेना. समोरच्या घरचा माग चार दिवस बंद होता, आणि तो बंद माग त्यांना उठता बसता दिसायचा.

बुधवारी हॉटेलच्या मॅनेजरचाच फोन आला; नंबर शोभाताईंनी दिला होता.

"खायले काय काय राहीन?" भाऊंनी विचारलं.

"ते आचारी ठरवतात. जे समोर येईल ते खायचं. कुणासाठी बदल करत नाहीत."

का कोण जाणे, ते शब्द माझ्या तारेतून गेले आणि मला आवडले नाहीत. 'नको' म्हणण्यासाठी टेकचंदभाऊंनी श्वास घेतलेला मी ऐकला होता, मित्रांनो. तेवढ्यात मॅनेजर म्हणाला, "पाचव्या ताटात आचाऱ्यांना इथल्या मातीची चव आणायची आहे. तलावातले वाळलेले झिंगे चांगले कुठे मिळतात, साहेब? त्यांची पूड करून ते कढणात टाकणार आहेत. दिसणार नाही, नुसती चव लागेल."

"अरे!" भाऊंची छाती केवढी फुगली! "आमच्या घरचे आनतो ना मी! असे झिंगे तुमच्या आचाऱ्यानं जन्मात पायले नसन. टेबल लिहा. टेकचंद, आंधळगाव!"

असा तो निर्णय झाला. शेवंताबाईंनी झिंगे निवडले, दोनदा चाळले, उन्हात दाखवले आणि कोशाच्या फडक्यात त्यांची पुरचुंडी बांधली. आपल्या हातची चीज त्या मोठ्या हॉटेलात जाणार म्हणून त्यांचा विरोधही मावळला होता. आपण काय बांधतो आहोत हे त्यांना कसं कळावं? तेव्हा मलाही कळलं नव्हतं.

शनिवारी दुपारी टेकचंदभाऊ निघाले. आईच्या पाया पडले, मला कुलूप लावलं, पुरचुंडी उचलली आणि उंबरा ओलांडला. आणि मी वाजलो.

शेवंताबाईंनी मला उचललं. शोभाताईंचा आवाज तापाने खोल गेलेला होता. "ताई, मला ताप भरलाय, ठरल्याप्रमाणे मी नागपूरला येऊ शकत नाही. एक नीट ऐका. ओकादा साहेबांना कोळंबी चालत नाही. झिंगे म्हणता ना तुम्ही, तेच. जरा जरी पोटात गेली तर घसा सुजून श्वास बंद होतो. दोन वर्षांपूर्वी मरता मरता वाचले. दिसली तर ते हात लावणार नाहीत, पण रश्श्यात मिसळलेली कळत नाही. हॉटेललाही मी कळवतेच आहे. भाऊंना मात्र नक्की सांगा हं."

शेवंताबाईंच्या हातातून रिसीवर सुटला आणि लोंबकळत राहिला. त्या दाराशी धावल्या. भाऊ नळापाशी पोचले होते. पाठ दिसत होती, हातातली पुरचुंडी दिसत होती. चाळीस पावलं. शेवंताबाईंनी तोंड उघडलं.

"शेवंते!" आतून सासूबाई ओरडल्या. "मांगून हाक नोको मारू! चांगल्या कामाले निंगाला हाय तो!"

त्या घरात ही गोष्ट साधी नव्हती. सतरा वर्षांपूर्वी सत्यभामाबाईंचे मालक बपेऱ्याच्या बाजाराला निघाले होते. मागून हाक मारली ती सत्यभामाबाईंनी. विड्याची डबी राहिली होती म्हणून. ते परत फिरून डबी घेऊन गेले आणि नदीच्या पाण्यातून आलेच नाहीत. त्या दिवसापासून त्या घरात निघालेल्या माणसाला कुणी मागून हाक मारली नव्हती.

शेवंताबाईंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वळणावर बसचा भोंगा वाजला. भाऊ पळत सुटले आणि दिसेनासे झाले.

"त्या बाईनं हाटेलले सांगतलंच असन," शेवंताबाई स्वतःशी म्हणाल्या आणि रिसीवर जागेवर ठेवू लागल्या. ठेवता ठेवता तारेवर मुंबईची ऑपरेटर बोलली. शेवंताबाईंचा कान रिसीवरपासून लांब होता. ऐकलं ते फक्त मी. "बाईसाहेब, हॉटेलचा नंबर सारखा एंगेज येतोय. कॉल रद्द करू?" आणि शोभाताई थकून म्हणाल्या, "करा. निरोप दिलाय मी, पोचेल तो."

मित्रांनो, मी टेलिफोन आहे. दुसऱ्याचं बोलणं नेतो, माझं स्वतःचं एक अक्षर मला बोलता येत नाही. त्या दुपारी मला याचा जेवढा संताप आला, तेवढा कधी आला नाही.

दुपारभर शेवंताबाई कांड्या भरत बसल्या. सूत चार वेळा तुटलं. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखाली असं सूत तुटलं नव्हतं. त्या झिंग्यांचा वास बोटांना होता. त्या पुन्हा पुन्हा हात धुऊन येत आणि पुन्हा हुंगत. "म्या घरी जेवाले बोलवा म्हनलं होतं. ते आले असते," त्या एकदम म्हणाल्या, "त माह्याच हातानं..." सासूबाईंनी जपमाळ काढली होती, पण मणी पुढे सरकत नव्हते.

दिवेलागणीला शेवंताबाई उठल्या. जवळपास आणखी दोनच फोन. पोस्टातला, पण संध्याकाळ झाल्याने पोस्ट बंद. राइस मिलमधला, तिथेही कुलूप. त्या धापा टाकत परत आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. जेवण साडेसातला सुरू होणार होतं आणि सात वाजून गेले होते. त्यांनी आधी केसातला आकडा घातला, मग अडकित्ता. कुलूप हललं नाही. माझ्या अंगावर ओरखडा उठला, पण त्याचं मला काही वाटलं नाही. खुंटी, शेवंताबाई, खुंटी! मी आत ओरडत होतो.

आणि त्यांना आठवलं. त्यांनी खुंटीवर बोट ठेवलं. एकदा. मग आठ वेळा. मग दहा. एक-आठ-शून्य, ट्रंक कॉलचा नंबर. चुकलं. पुन्हा. चुकलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि कांडीवरचे फेरे मोजतात तसे मोजले. पलीकडे ट्रंक ऑपरेटर बोलला.

"ऑर्डिनरी का अर्जंट?"

"जीवाचं हाय रे बाप्पा! सगळ्यात जलदी जे असन ते!"

भिंतीवर भाऊंनी पेन्सिलीने लिहिलेला हॉटेलचा नंबर त्यांनी सांगितला. खरखर. पुन्हा खरखर. लाइन लागेपर्यंत आठ वाजून गेले. मग मॅनेजर.

"जेवण सुरू झालंय, बाई. मधेच कुणाला उठवता येत नाही."

"कितवं ताट हाय?"

"चौथं उचलतायत."

"पाचव्यात झिंगे हायेत! आमच्या सायबाले देऊ नोका, मरन तो!"

"कोणते साहेब? आत बावीस माणसं आहेत, चार तर परदेशी आहेत. टेबल कुणाच्या नावावर आहे?"

शेवंताबाई थांबल्या. "ते... आंधळगावचे."

"बाई, नाव सांगा. नाव!"

बावीस वर्षांत उखाण्याखेरीज त्यांनी नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा लाजत लाजत, हळू. आणि समोर सासूबाई बसलेल्या. मी ती शांतता वाहून नेली, मित्रांनो. पाच श्वास असतील. त्या पाच श्वासांत पलीकडे वाट्यांचा आवाज ऐकू आला.

"टेकचंद!" शेवंताबाई किंचाळल्या. "टेकचंद! टेकचंद!"

पलीकडे रिसीवर टेबलावर आपटला. पावलं धावत गेली. दार उघडलं, कसलंसं मंद संगीत, मग एक खुर्ची पडली आणि एक वाटी फुटली. नंतर कितीतरी वेळ काहीच नाही. सासूबाई सुनेच्या पाठीला चिकटून बसल्या होत्या.

"शेवंता?" भाऊंचा आवाज ओळखू येत नव्हता. "एक घोट गेला होता त्याचा. मान सुजून राहिली. डाक्टर आला हाय. तू फोन नोको ठेवू. ठेवू नोको."

त्यांनी ठेवला नाही. तारेच्या दोन्ही टोकांना दोघंही रिसीवर कानाला लावून बसून राहिले. तासाभराने कळलं की श्वास मोकळा झाला.

ओकादा साहेब वाचले. चार दिवस दवाखान्यात होते. पुढे पत्र आलं. काम दिलं, पण सहा मागांपुरतं. बाकीच्या आठ मागांवर धूळ बसली ती बसलीच.

भाऊ सोमवारी परत आले. चप्पल न काढताच माझ्यापाशी आले, कुलूप काढलं आणि मागच्या विहिरीत टाकलं. ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "तुले कवा मालूम झालं?"

"तुमी नळापाशी होते तवा."

"नळापाशी? मंग हाक काहून नाही मारली?"

शेवंताबाईंनी सासूबाईंकडे पाहिलंही नाही. रडल्या त्या सत्यभामाबाई.

त्यानंतर सहा वर्षं मी बिनकुलपाचा वाजलो. मग बटणांचा फोन आला आणि मी माळ्यावर आलो. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी जुनी वस्तू असली तर अधूनमधून पुसा, एवढंच. आणि कुणाचा निरोप तुमच्या हाती आला, तर तो त्याच पावली पोचवा. दुसरं कुणीतरी सांगेल असं म्हणून बसू नका. तसं म्हणणाऱ्या दोघी त्या दिवशी एकाच तारेवर होते आणि मी मधे होतो.

ओसरीवरच्या झोपाळ्यावर आता सत्यभामाबाई बसतात. फार म्हाताऱ्या झाल्या आहेत, दिसत नाही. पण घरातून कुणी निघालं, उंबरा ओलांडला, चार पावलं गेलं, की खालून त्यांचा कापरा आवाज माळ्यापर्यंत येतो. रोज येतो.

"थांब रे! काही सांगाचं राहिलं का कोनाचं?"