बटणाचा दोरा

"आवळा, अजून आवळा. दंड आहे माझा, उशीचा अभ्रा नव्हे," सासूबाई पुटपुटल्या.

डॉक्टरीणबाईंनी हसून पट्टा सोडला. "एकशे तीस. छान आहे, आजी."

सून शेजारीच खुर्चीच्या कडेला टेकली होती. पर्सची चेन तिने मघापासून चारदा उघडून चारदा लावली होती. दर महिन्याला सासूबाईंचं प्रेशर बघायला दोघी शिलाईचं दुकान तासभर बंद करून यायच्या. आज विचारायचंच, असं ठरवून ती आली होती.

"डॉक्टर, ती लस... गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. चाळिशीनंतर घेता येते का? माझं एक गिऱ्हाईक विचारत होतं."

"वय काय तिचं?"

"बेचाळीस."

"पंचेचाळीसपर्यंत देतो आम्ही. पण सरसकट नाही, बघून ठरवायचं. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. आधीच येऊन बसला असेल, तर लस त्याला हाकलत नाही. आणि घेतली तरी तपासणी चुकवायची नाही. नवरा आहे?"

"गेला. नऊ वर्षं झाली."

सासूबाईंनी बाही खाली ओढली. मग उगाचच पुन्हा ओढली.

"मग नवीन कोणी जोडीदार? होणार असेल तरी चालेल, त्यावरच सगळं आहे. असेल तर घ्यायला अर्थ आहे. नसेल तर मी आग्रह करणार नाही."

सुनेच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अजून घडलं तर काहीच नव्हतं. शर्ट घेताना बोटाला बोट लागलं असेल, तेवढंच. पण ज्याच्याबद्दल 'गेला' म्हणून मोकळी झाली, त्याची आई हातभर अंतरावर बसली होती.

"तसं काही नाही. म्हणजे, तिचं. विचारून सांगते." ती उठली. "चला, आई."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आमच्या कोपऱ्यावर एक चष्मेवाला आहे," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "दर बुधवारी शर्ट घेऊन येतो. म्हणे बटण तुटलं. चाळीस वर्षं मशीनवर काढली मी. तुटलेल्या बटणाचा दोरा पिंजलेला असतो. त्याचा साफ कापलेला असतो, कात्रीने."

"आई, अहो..."

"आणि ही लावते, तेही सैल. एरवी एकही बटण जन्मात सैल लावलं नाही हिने."

सून खाली बघत राहिली. फरशीवर कुणाच्या तरी ओल्या चपलेचा ठसा वाळत होता.

"सुईत दोरा ओवता येत नाही मला, आंधळी नाही झाले." सासूबाईंनी सुनेचं मनगट धरून तिला खाली बसवलं. "बेचाळीस हिचंच वय. लिहा, डॉक्टर. आहे म्हणून लिहा. माणूस बरा आहे."