परक्याचं ऐकलं

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा. तो अकरा वर्षं प्यायला, आणि त्या अकरा वर्षांत तिने काय केलं नाही ते विचारा. शपथा घातल्या, अबोला धरला, दुकानात फोन करून त्याला ताप आल्याच्या थापा मारल्या. बूट काढून त्याला कुशीवर निजवायचं, म्हणजे उलटी घशात अडकत नाही, हे तिला अनुभवाने शिकवलं. तो काही बधला नाही.

मग हात थरथरून त्याने एकाच आठवड्यात तीन काचा फोडल्या, तेव्हा मालकाने त्याला दारू सोडणाऱ्यांच्या एका गटात धाडलं. तिथे एक निवृत्त बसड्रायव्हर भेटला, एकेकाळचा पट्टीचा पिणारा. सगळे त्याला दादा म्हणत. दादांनी काय केलं कोण जाणे, पण सात महिने नवरा थेंबाला शिवला नव्हता.

शेजारणी म्हणाल्या, सुटलीस बाई. तिनेही मान डोलावली. आतून मात्र ती जळत होती.

रोज सकाळी चहाचा कप घेऊन तो गॅलरीत जायचा आणि दादांना फोन लावायचा. ती ओट्याशी कान टवकारून उभी. वडील गेले त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा प्यायलो, हे तिला असंच, चोरून ऐकून कळलं. तिने विचारलं की त्याच्या तोंडाला कुलूप असायचं. आणि फोनवरचं ते मोकळं हसणं तर तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. खस्ता खाल्ल्या हिने, गुण गायचे दादांचे.

एका रविवारी माळ्यावरच्या गाद्या काढताना तिला एक भरलेली बाटली सापडली. त्यानेच कधीतरी लपवलेली, मग विसरलेली. एरवी तिने ती उभ्या उभ्या मोरीत ओतली असती. त्या दिवशी तिने ती पुसली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली. बघू या, असं मनाशी म्हणाली. काय बघायचं, ते स्वतःलाही विचारलं नाही.

तो अंघोळ करून आला आणि जागीच थांबला. त्याची नजर बाटलीवर होती. मग तो फोन शोधू लागला.

"लावा दादांना," ती म्हणाली. "मी कोण तुमची?"

"ही तू ठेवलीस?"

"हो. अकरा वर्षं माझं काही कानावर घेतलं नाहीत. त्या माणसाने चार शब्द सांगितले, तर लगेच ऐकलंत."

"दादांनी मला तसा पाहिलेला नाही," तो म्हणाला. "तू सगळं पाहिलंयस. तुझ्याकडे मान वर करून बघवत नव्हतं मला." एवढं बोलून तो अनवाणीच जिना उतरला.

तिने बाटली ओतली. दोन बादल्या पाणी टाकलं तरी वास जाईना. आपण काय करायला निघालो होतो ते कळलं, तशी ती मोरीपाशीच बसली.

तासाभराने तो न पिताच परतला. सोबत दादा होते, जाडजूड आणि थोडे लाजाळू. ते दारातूनच म्हणाले की घरच्या माणसांचीही गुरुवारी बैठक असते.

ती गेली. दुसऱ्या गुरुवारी तिने बाटलीचं सांगितलं. कुणी दचकलं नाही. पुढच्या खुर्चीतली एक म्हातारी वळून म्हणाली, "मी तर पेलाही भरून दिला होता."

नवरा पुन्हा प्यायला नाही. तिचं जळणं काही एका दिवसात विझलं नाही. दादांचं नाव निघालं की कपाळाला आठी पडायचीच. फरक इतकाच, की आता ती ते नवऱ्याला सांगायची, आणि तो समोर बसून ऐकून घ्यायचा.