हाकेला ओ

टिकलीला दमा, म्हणून तिला आम्ही शाळेत घातलं नाही. मीच घरी शिकवते. वाचन, गणित वयाच्या पुढे आहे. पण नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, सगळं खरं, पण तिला एक तरी मैत्रीण आहे का?" मला रागच आला. एकही नव्हती ना.

म्हणून संध्याकाळी तिला इमारतीमागच्या मोकळ्या जागेत नेलं. दम्याचा पंप माझ्या मुठीत. मुलं लपाछपी खेळत होती. नाव विचारून त्यांनी टिकलीलाही घेतलं. राज्य दोन वेण्यांच्या एका मुलीवर. डोळे उघडून तिने सहज हाक मारली, "टिकले, कुठे आहेस गं?"

"ओ! इथे, टाकीमागे!"

सगळे खो खो हसले. "अगं ए, सांगतं का कुणी असं?"

दुसऱ्या डावातही तेच. मग कुणीतरी म्हणालं, "हिला कच्चं लिंबू करा. आउट झाली तरी धरायचं नाही."

टिकली गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. तिचं काय चुकलं ते तिला कळेना. मला कळलं. घरी लपाछपी खेळताना नियम माझाच होता: आईची हाक आली की ओ द्यायची. ती गप्प राहिली की मला वाटायचं, धाप लागली.

मी तिच्याजवळ वाकले. "इथे ओ द्यायची नाही."

"तू हाक मारलीस तरी?"

"मी मारली तरी. धाप लागली तर मात्र सरळ बाहेर यायचं."

ती त्या दोन वेण्यांच्या मुलीकडे गेली. "मी कच्चं लिंबू नाही."

"बरं बाई. आधीचे डाव सोड, राज्य माझ्यावरच. मग तुझ्यावर राज्य आलं की रडायचं नाही."

एकेक जण सापडला. टिकली सापडेना. अंधारून आलं. ती मुलगी हाका मारून दमली. माझ्या नकळत मीही ओरडले, "टिकले!"

उत्तर नाही. मी पुन्हा तोंड उघडलं.

"काकू, तुम्ही नका ना ओरडू," ती मुलगी वैतागली. "लपू द्या की तिला. मी शोधते."

मी पायरीवर बसले. ओठ घट्ट मिटले. कान मात्र जिन्याखाली, टाकीमागे, गाड्यांच्या आड फिरत होते.

"धप्पा!"

आवाज घोगरा होता. मी पंपाचं टोपण काढलं. टिकली त्या मुलीच्या पाठीवर थाप मारून उड्या मारत होती. "पुन्हा तुझ्यावरच राज्य!"

ती माझ्याकडे आलीच नाही. पुढचा डाव सुरू झाला आणि ती पुन्हा लपायला पळाली.