पारा कुणाच्या पेटीत?

मित्रांनो, तुमच्यापुढे बसलेला हा ओबडधोबड डबा म्हणजे एक जुना पारामोजक. बर्फात अडकलेली पाऱ्याची वाफ मोजण्यात माझी अर्धी हयात गेली आणि उरलेली माणसांची अक्कल मोजण्यात. दुसरे काम लवकर उरकत असे.

माझ्या पोटात सोन्याची बारीक जाळी आहे. सोने दिसले की पारा चिकटलाच, तुमच्या सराफाला विचारा. बर्फात खुपसलेल्या नळीतून मी हवा ओढायची, सोन्याने त्यातला पारा धरायचा, मग सोने तापवून तो सोडायचा आणि किती होता ते सांगायचे. पहिली काही वर्षे मला लोकरीच्या पांघरुणात ठेवत. तेव्हा मान होता.

मग मी डॉक्टर हॅलोरनच्या तावडीत सापडलो. दक्षिणेकडच्या शहरातला हा विद्वान दर वसंतात उत्तर ध्रुवाकडच्या बॅफिन बेटावरच्या आमच्या गावी येई. बोलणे मोठे, पेटी मात्र उकिरडा! बिस्किटांचा चुरा, ओले मोजे, माझ्या नळ्या आणि बर्फाचे तापमान बघायचा काचेचा जुना थर्मामीटर, सगळे एकत्र कोंबलेले. त्याचा वाटाड्या उलायुक मात्र निघण्याआधी आपल्या घसरगाडीवरची पेटी रोज पालथी करून झटकायचा. इथल्या शिकाऱ्यांची ती रीतच आहे.

"रोज रोज काय झाडतोस रे? लग्नाला निघालायस का?" हॅलोरन हसायचा.

"काडेपेटी ओली निघाली ना, डॉक्टर, तर लग्न नाही, मयत होते," उलायुक म्हणायचा.

एप्रिलमधल्या एका सकाळी गावामागच्या टेकडीवर मी नेहमीच्या चाळीसपट आकडा दिला. हॅलोरन अक्षरशः नाचला. नळीच खराब नाही ना, एवढे बघायचेही त्या शहाण्याला सुचले नाही. तो तडक उलायुकच्या म्हाताऱ्या आईकडे, लीतियाआजीकडे गेला. आजी त्याच टेकडीचा बर्फ वितळवून चहा करी आणि घरात तिची नात सात महिन्यांची गरोदर होती.

"आजी, तो बर्फ आजपासून बंद. बाळाला बाधेल."

"माझी सासू तोच प्यायली, मी तोच प्याले. मग गावच्या टाकीचं साबणासारखं पाणी पिऊ का, मेल्या?"

"तेव्हा कुणी मोजलं नव्हतं."

आजीने नातीच्या पोटाकडे पाहिले आणि बर्फाची बादली दाराबाहेर रिकामी केली. मग नऊ दिवस तिने चहाला तोंड लावले नाही. नात कोपऱ्यात बसून रडे, कारण सात महिने तीही तोच चहा पीत होती. मला तोंड असते तर त्या विद्वानाला तिथेच सुनावले असते.

दहाव्या दिवशी उलायुकने कुणाला न विचारता हॅलोरनची पेटी ताडपत्रीवर पालथी केली. चुरा पडला, मोजे पडले, मग काचेचे तुकडे पडले आणि त्यांच्यामागून चांदीसारखे चार मणी घरंगळत आले. थर्मामीटर केव्हाच फुटला होता. माझ्या नळ्या त्यातच लोळत होत्या.

"पारा टेकडीत नाही, डॉक्टर, तुमच्या मोज्यांत आहे," उलायुक म्हणाला.

नव्या नळ्या जोडून टेकडीवर पुन्हा मोजले. आकडा दरवर्षीचाच निघाला. हॅलोरनने वहीत काय लिहिले असेल? 'यंत्र सदोष.' चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तिथेच टाकून तो विमानात बसला. आजीच्या दारावरून गेला, पण आत डोकावला नाही. बर्फ चांगला आहे हे तिला लेकानेच सांगितले. ते ऐकून नात पुन्हा रडली, पण हसत हसत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, निदान आमच्या नळ्या तरी स्वच्छ ठेवा. आणि जगाला दोष देण्याआधी आपली पेटी एकदा पालथी करा. एवढेही जमत नसेल, तर मोजायच्या भानगडीत पडू नका.

आता मी आजीच्या पडवीत असतो. रोज सकाळी ती टेकडीवरच्या बर्फाची बादली माझ्या डोक्यावर ठेवते, पणतीला कडेवर घेते आणि मला थोपटून म्हणते, "खरं तेच बोललास ना रे? म्हणून तर त्यानं टाकलं तुला."