काळी पट्टी माझी, खांदा भरमाण्णांचा

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे आणि आज मला भयंकर राग आलेला आहे.

प्रोब म्हणजे काय, असं विचाराल. सोनोग्राफी करताना गार जेल लावून अंगावरून जो छोटा दांडा फिरवतात, तो मी. मला मोठं यंत्र लागत नाही. वायरने टॅबला जोडलं की माझं काम सुरू होतं. वय म्हणाल तर पाच वर्षं, आणि आमच्यात पाच वर्षं म्हणजे म्हातारपणच. बेळगावच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात माझा मुक्काम असतो. कुलूप नेहमीचंच आहे, कारण सोनोग्राफीच्या यंत्रांवर गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची नजर असते. पण परवा माझ्या खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली गेली. तिच्यावर लिहिलंय, 'यंत्रदोष'. त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं आहे.

आता मुळापासून सांगतो. माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात, धुळीचा कण शिरणार नाही अशा खोलीत झाला. माझ्या तोंडावर मऊ रबराचा पातळ पडदा बसवला. त्याच्यामागे एका ओळीत शंभराहून जास्त बारीक स्फटिक आहेत. प्रत्येक स्फटिक अंगात आवाज सोडतो, परत आलेला ऐकतो आणि चित्राचा आपला तुकडा काढतो. त्यातले काही मुके झाले, तर चित्रात तेवढी काळी पट्टी पडते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझ्यासोबत एक पुस्तिकाही आली होती. मला कसं पुसायचं, ते तिच्या पहिल्याच पानावर छापलंय. तिचं प्लास्टिक आजपर्यंत कुणी फाडलेलं नाही.

पहिली तीन वर्षं मात्र सोन्यासारखी गेली. नागेंद्र सर मुलांना शिकवायचे. टिळकवाडीहून स्कूटरवर यायचे आणि आल्या आल्या मला हातात घ्यायचे. त्यांचा एक नियम होता, आधी बोट, मग प्रोब. मुलं डोळे मिटून एकमेकांच्या खांद्यावर हाडातली खाच चाचपडायची, ती सापडली की मगच मला तिथे टेकवायची. पडद्यावर नुसत्या राखाडी रेघा दिसायच्या. यातला स्नायू कोणता आणि त्याला हाडाशी बांधणारा दोर कोणता, यावरून मुलांची भांडणं व्हायची. तास संपला तरी कुणी उठायचं नाही.

मग टॅबमध्ये एक नवा शहाणा आला. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्याला. माझ्या राखाडी चित्रावर तो रंग भरायचा. धड असेल तिथे हिरवी चौकट, बिघडलं असेल तिथे लाल चौकट, आणि वर किती टक्के खात्री तो आकडा. खरं बोलायचं तर तो हुशार आहे. ज्या पोरांना तासभर काही सापडत नसे, त्यांना पाच मिनिटांत स्नायू ओळखता येऊ लागला. माझा राग त्याच्यावर नाही. सरांनी शिकवायचं काम त्याच्या गळ्यात घातलं आणि स्वतः मोबाइलमध्ये डोकं घातलं, त्याचा आहे. बोटाचा नियम केव्हा बुडाला, कुणाच्या लक्षातही आलं नाही. पोरं फक्त रंग बघू लागली.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या लॅबमध्ये पूजा झाली. आमच्या भागात त्या दिवशी कारखान्यातल्या लेथपासून दारातल्या मोटारसायकलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, मग आम्ही तरी कसे सुटू? लॅबचं सगळं बघणाऱ्या रूपाली आक्कांनी ट्रेडमिलला झेंडूची माळ घातली. मला तोंड वर करून उभं केलं आणि बरोबर तोंडावरच ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं ओढली. त्यांचा भाव खरा होता. दुसऱ्या दिवशी हळद कशी काढायची, हेही त्यांनी सरांना विचारलं. सर मान वर न करता म्हणाले, स्पिरिटनं पुसा. कडेच्या फटीत वाळलेली हळद निघेना, तेव्हा दोन पोरांनी ती स्टीलच्या पट्टीने खरवडली. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. पुढे रोज स्पिरिट. दिवाळीपर्यंत रबर सुटलं आणि मधले काही स्फटिक कायमचे मुके झाले. चित्रात वरपासून खालपर्यंत काळी पट्टी पडली. ती कुणालाच दिसली नाही.

आणि मग भरमाण्णा आले. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत लोखंड ओतायचे वाळूचे साचे बनवणारे मोल्डर, वय पन्नाशीच्या पुढे. वाळूने भरलेल्या लोखंडी पेट्या उचलून उचलून त्यांचा उजवा खांदा दुखत होता. सरांना वर्गात दाखवायला रुग्ण हवाच होता. बारा पोरं भोवती उभी राहिली आणि एकाने मला खांद्यावर टेकवलं. माझी काळी पट्टी नेमकी खांद्याच्या त्या दोरावर पडली. टॅबमधल्या शहाण्याने लगेच लाल चौकट काढली, दोर फाटलाय, खात्री एक्क्याण्णव टक्के. मी आतल्या आत ओरडत होतो. माझा आवाज माणसांना ऐकू येत नाही, हे माझं दुर्दैव. सरांनी कागदावर लिहून दिलं, हात झोळीत बांधा, सहा आठवडे हलवायचा नाही, मग ऑपरेशनचं ठरवू.

तीन आठवड्यांनी भरमाण्णा परत आले. तोच मी, तीच पट्टी, तीच लाल चौकट. दुसरं काय येणार होतं? त्यांचा हात पोटाशी बांधलेलाच राहिला. फौंड्रीत त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला.

सहा आठवडे भरले, भरमाण्णा तिसऱ्यांदा आले, तेव्हा मला धरायची पाळी तेजस्वीची होती. ही कणकुंबी गावची पोरगी, हात जरा संथ, म्हणून वर्गात तिची थट्टा व्हायची. तिने मला खांद्यावर दोन बोटं बाजूला सरकवलं. पडद्यावरचा खांदा सरकला, पट्टी जागची हलली नाही. तिने पुन्हा सरकवलं. मग जेल लावून मला स्वतःच्या हातावर धरलं. पट्टी तिथेही होती.

"सर," ती म्हणाली, "हे अण्णांच्या खांद्यात न्हाय. प्रोबमध्ये हाय."

सरांनी मला हिसकावून घेतलं आणि आपल्या मनगटावर टेकवलं. पट्टी बघून त्यांचा चेहरा उतरला. मग शेजारच्या दवाखान्यात मोठ्या यंत्रावर तपासणी झाली. दोर शाबूत होता. पण झोळी सोडून हात वर करायला सांगितला, तर तो छातीच्या वर जाईना. सहा आठवडे बांधून ठेवल्याने धडधाकट सांधा आखडून बसला होता.

सरांनी खाली बघत सांगितलं की मशीनमध्ये दोष होता, आता व्यायाम करावा लागेल, वर्षही लागेल. भरमाण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती, ती तशीच सोडून ते बोलले.

"मशीन बिघडतंय, सायेब. आमच्या फौंड्रीत रोज बिघडतंय. पर मी तीन येळा आलतो. तिन्ही येळा तुमी मशीन लावलासा. हात कुणीच न्हाय लावला."

बारा पोरं आणि एक सर, सगळे फरशीकडे बघत उभे होते. तेजस्वी पुढे झाली. तिने हातावरचं जेल पुसलं, आधी सदऱ्याची बटणं लावून दिली आणि मग त्या खांद्यावर तळहात ठेवला.

गेले दोन महिने ती रोज त्यांच्याकडून व्यायाम करून घेते आहे. काल भरमाण्णांचा हात डोक्यावरच्या टोपीपर्यंत पोचला. वाळूची पेटी अजून फार लांब आहे.

आणि मी इथे चिठ्ठी चिकटवून पडलोय. मित्रांनो, काळी पट्टी माझी होती, ते मी नाकारत नाही. पण माझं तोंड मी स्वतः खरवडलं नाही. ती पुस्तिका मी बंद ठेवली नाही. खांदा चाचपडायचा नियम मी मोडला नाही. 'यंत्रदोष' लिहिणाऱ्याने खाली सहीसुद्धा केलेली नाही.

उद्या मला दुरुस्तीला पाठवतील. नवं रबर, नवे स्फटिक बसतील आणि पंधरा दिवसांत मी होतो तसा होईन. भरमाण्णांना वर्ष लागणार आहे. म्हणून सांगतो, माझी पूजा खुशाल करा, पण हळद दांड्याला लावा, तोंडाला नको. काम झालं की पुस्तिकेत सांगितलंय तसं मऊ फडक्याने पुसा. आणि कुणी दुखतंय म्हणून दारात आलं, तर माझ्या कपाटाची किल्ली शोधत बसू नका. आधी त्याला विचारा, कुठे दुखतंय, आणि तिथे हात ठेवा.