दहा पावलं पुढे

सकाळी चपला शिवणाऱ्याने नुकतं दुकान उघडलं होतं. तो सुईत दोरा ओवत होता, तोच म्हातारी दारात आली. उजव्या पायाला पट्टी, काखेत पिशवी. पिशवीतून तिने त्यानेच शिवलेल्या चपला काढल्या. जाड मऊ तळ, मागे रुंद पट्टा. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांसाठी तीस वर्षं तो अशाच चपला शिवत होता.

"परत घ्या, भाऊ."

"का? चावतात?"

"चावल्या तरी मला कुठे कळणार? लोकांना कळतं. बसमध्ये जागा मात्र लगेच मिळते हो, शेजारचीपण!" ती हसली. मग म्हणाली, "लेक म्हणतो, त्या घालून दारात येऊ नकोस. म्हणून साध्या घातल्या. खिळा घुसला, तो संध्याकाळी रक्त बघितल्यावर समजला. आता पुन्हा जखम झाली तर पाय कापणार म्हणतात. कापू देत. नातीचं तोंड तरी दिसेल."

त्याला बायको आठवली. चार महिन्यांपूर्वी गेली. जन्मभर तिने या लोकांच्या जखमा धुतल्या, त्यांच्यासाठी घराघरांत जाऊन भांडली. स्वतःचे पाय धडधाकट, तरी याच चपला घालायची. "सगळ्यांनी घातल्या तर कोण कोणाला ओळखणार? तुमच्या मापाचा एक जोड शिवा ना."

तो "बघू" म्हणायचा. रस्त्याने तिच्या दहा पावलं पुढे चालायचा. तिने कधी हाक मारली नाही.

"मावशी, दुपारपर्यंत बसा." त्याने कागदावर स्वतःचं पाऊल ठेवलं आणि भोवती पेन्सिल फिरवली.

दुपारी दोघं निघाली, पायांत सारख्याच चपला. समोरचा शिंपी ओरडला, "काय हो, बायकोचा रोग लागला वाटतं!"

"लागला. जरा उशिराच."

सवयीने तो पुढे गेला होता. थांबला. म्हातारी बरोबरीला आल्यावरच पाऊल उचललं.

लेकाने अर्धंच दार उघडलं. आधी चार पाय बघितले, मग तोंडं.

"तुम्हालापण?"

"मला काही नाही. तुझ्या आईलाही नाही. वीस वर्षांपूर्वीच बरी झाली ती."

"ठाऊक आहे हो," लेक हळूच म्हणाला, "पण शेजारीपाजारी..."

"मीही तीस वर्षं हेच म्हणत होतो. तेव्हाचे शेजारी आता कुठे आहेत, मला माहीतसुद्धा नाही. बायको मात्र राहिली नाही."

आतून नातीची "आजी आली?" अशी हाक आली. लेक दारातून हलला नाही.

तो पायरीवर बसला, म्हातारीलाही बसवलं. चपला दोघांनीही काढल्या नाहीत. जाणारे-येणारे थांबून बघू लागले.

"बघू देत," तो म्हणाला.