शेजारच्या सीटचे सतरा किलो

रविवारी ती आली आणि आली त्याच बसने परत गेली. पण हे घडलंच नाही असं धरून चालू. पावशेरही तसंच धरून चालतो, आणि त्याचं बरं चाललंय असं तो स्वतःच सांगतो. दुसरं कोण सांगणार?

पावशेर हे त्याचं कारखान्यातलं नाव. कारखाना वेगवान गाड्यांचा. उभी असली तरी पळून जाण्याच्या बेतात वाटावी अशी एकेक गाडी. अशा गाडीचा खरा वैरी म्हणजे वजन, आणि त्या वैऱ्याच्या हात धुऊन मागे लागण्याचा पगार पावशेरला मिळायचा. त्याने आधी रेडिओ काढला, मग गालिचा, मग दाराचं आतलं हँडल. तिथे कापडी पट्टी आली. तो काटा घेऊन निघाला की लोक आपापले पार्ट पोटाशी धरायचे. कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलाशी कोणी बसत नसे. न जाणो, आपल्यातलंही काही जास्तीचं निघायचं.

खोड घरापर्यंत गेली. पडदे गेले, खुर्च्यांच्या पाठी गेल्या, चमच्यांच्या दांड्यांना भोकं पडली. बायकोने बरेच दिवस हसण्यावारी नेलं. मग एकदा सूप पिताना तिच्या मांडीवर थेंब पडला. भोक या खेपेला दांडीला नव्हतं. तिने चमचा खाली ठेवला. "या घरात जड असं आता मीच उरलेय," म्हणाली, आणि माहेरी गेली. घर चोपन्न किलोने हलकं झालं. हा आकडा पावशेरने कोणाला सांगितला नाही, पण काढला होता.

यंदाची नवी गाडी काही केल्या ऐकेना. ठरल्यापेक्षा सतरा किलो जास्त. बैठकीत इंजिनवाल्याने बजावलं, इंजिनाला हात लावाल तर याद राखा. ब्रेकवाला म्हणाला, ब्रेक खुशाल हलके करा, फक्त पहिली चक्कर साहेबांनी मारावी. साहेबांनी ब्रेकचा विषय तिथेच सोडला. तेव्हा पावशेरने तोंड उघडलं.

"शेजारची सीट काढू. सीटखालचा सेन्सर बघितलाय मी. शेजारी कधीच कोणी बसलेलं नाही."

चाचणीची ती गाडी रोज घरी नेणारा आणि आणणारा पावशेरच होता. सेन्सर नेमका कोणाबद्दल बोलतोय, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. सीट बरोबर सतरा किलो भरली. साहेबांनी पावशेरच्या पाठीवर थाप मारली, तीही हलकीच. खात्याची रीत अशी की जो काढायला सांगेल, त्यानेच त्या वस्तूवाचून महिनाभर गाडी चालवायची. पावशेरला वाटलं, आपल्याला काय फरक पडतो.

दुसऱ्याच दिवशी बायकोचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग ती म्हणाली, "त्या गाडीत मला कधी बसवलं नाहीस. रविवारी बसने येते. स्टँडवर घ्यायला ये, एक चक्कर मारू. मग बघू."

'मग बघू' हे पावशेरने मनातल्या मनात तोलून पाहिलं. त्याच्या हयातीतलं सगळ्यात जड वजन ते. तो धावत स्टोअरमध्ये गेला. स्टोअरवाले काका म्हणाले, ने रे बाबा सीट, मला काय ती घरी लावायचीय, फक्त साहेबांची सही आण. साहेबांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. पावशेर काहीतरी परत बसवायला आलाय, हे त्यांना पचेना. गाडी काट्यावर पास झालीय, आता तिच्यात एक ग्रॅमही वाढणार नाही, असं सांगून त्यांनी त्याला सुट्टी घ्यायचा सल्ला दिला. बायकोला फोन करून खरं सांगावं, तर तुझीच सीट काढली हे सांगायला जीभ रेटेना.

रविवारी तो घरातली उशी घेऊन गेला.

ती दार उघडून उभी राहिली. आत उघडा पत्रा, चार भोकं, त्यावर उशी.

"कधी काढली?"

"गुरुवारी."

"म्हणजे माझ्या फोनच्या आदल्या दिवशी."

"हो."

"का?"

साहेबांवर ढकलता आलं असतं. पण पावशेरने आयुष्यात कधी माप चुकीचं सांगितलं नव्हतं. "शेजारी कोणी बसत नव्हतं," तो म्हणाला.

तिने उशी हाताने दाबून पाहिली. "बरोबर मोजलंस रे," ती म्हणाली. चिडली असती तर त्याने समजूत काढली असती; चिडलीच नाही. पर्समधून तिने एक चमचा काढला. जाडजूड, बिनभोकाचा. "सूपसाठी. याला तेवढं काही करू नकोस." बस अजून उभीच होती.

परतताना पावशेरने चमचा उशीवर ठेवला आणि त्याला बेल्ट लावला. बेल्ट काढायचं अजून कोणाला सुचलं नव्हतं. वळणांवर चमचा घरंगळू नये म्हणून तो इतका जपून चालवत होता, की कारखान्याच्या सगळ्यात हलक्या गाडीला सिमेंटच्या ट्रकने हॉर्न देऊन मागे टाकलं.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर अर्ज होता:

"विषय: काढलेली सीट पूर्ववत बसवण्याबाबत. वाढणारे सतरा किलो अर्जदाराच्या अंगातून वजा करण्यात यावेत. तसेच सदर सीटवर चोपन्न किलो वजनाची, यापूर्वी बसण्यास तयार असलेली व्यक्ती खात्यातर्फे उपलब्ध करून देण्यात यावी, ही विनंती."